जहाजाची वेळ आणि घाटाची वेळ

पिंपळगाव बसवंतपासून न्हावा शेवा बंदर साधारण सव्वादोनशे किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा पाच-सहा तास दाखवतो. तरीही द्राक्षांचा कंटेनर बंदरात गुरुवारी दुपारी बारापर्यंत पोचवायचा असेल, तर त्याची तयारी मंगळवारी सकाळीच सुरू करावी लागते. बागायतदार मंडळी दर हंगामात विचारतात, "पाच तासांच्या रस्त्याला दोन दिवस कशाला?" मी काही वर्षं एका पॅकहाऊसमधून, म्हणजे निर्यातीचा माल खोक्यांत भरणाऱ्या केंद्रातून, गाड्या लावायचं काम केलं आहे. या प्रश्नाचं उत्तर मला नीट सांगावंसं वाटतं, कारण त्यात पैशाइतकाच माणसाच्या जिवाचाही प्रश्न आहे.

नाशिक घाटमाथ्यावर आहे आणि बंदर समुद्रकाठी. मध्ये सह्याद्री उभा आहे. घाटावरचा माल कोकणातल्या बंदरात उतरवायचा हा उद्योग आपल्याकडे दोन हजार वर्षांचा आहे. जुन्नरचा माल सातवाहनांच्या काळात नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे जायचा, आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण जकातीचा होता असं मानतात. तेव्हा बैल होते, आता ट्रेलर आहेत. उतार मात्र तोच आहे.

आधी तो उतार समजून घेऊ. कसारा घाटात, म्हणजे जुन्या थळ घाटात, रेल्वे इगतपुरी ते कसारा या टप्प्यात सुमारे ३०० मीटर उतरते. रस्त्यालाही तेवढंच उतरावं लागतं. खंडाळ्याच्या बोरघाटात हाच आकडा साडेपाचशे मीटरच्या घरात जातो. म्हणून पुण्याकडून येणाऱ्या गाड्यांची कसोटी जास्त कडक असते.

आता गाडीचं वजन पाहा. चाळीस फुटी रीफर कंटेनर, म्हणजे थंडावा राखणारी यंत्रणा बसवलेला कंटेनर, रिकामाच साडेचार टनांच्या पुढे भरतो. त्यात द्राक्षं साधारण १३ टन, शिवाय खोकी, पॅलेट, खालचा ट्रेलर, तो ओढणारा पुढचा घोडा आणि जनरेटर. सगळं मिळून ३२ टनांच्या आसपास जातं. एवढं वजन ३०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सगळी उष्णता झाली तर जवळजवळ तीनशे लिटर थंड पाणी उकळीला येईल. पाण्याची मोठी टाकी डोळ्यांसमोर आणा. तेवढं पाणी उकळवण्याची धग पंधरा-वीस मिनिटांत कुठेतरी जायला हवी. थोडी टायर आणि वारा घेतात. उरलेली एक तर इंजिन घेतं, नाही तर ब्रेकचे लायनर. तिसरी जागाच नाही.

याच कंटेनरमध्ये कांदा भरला, तर माल २८ टनांपर्यंत जातो आणि गाडी ४६ टनांच्या घरात पोचते. धग जवळजवळ दीडपट होते. कंटेनर बाहेरून तसाच दिसतो, रस्ता तोच, ड्रायव्हरही तोच. पण द्राक्षांच्या गाडीला जमलेली वेळ कांद्याच्या गाडीला लावणं चूक आहे.

ड्रम ब्रेकमध्ये लायनर फिरत्या ड्रमला आतून घासतात. थोडी उष्णता ते सहज सोसतात. सतत पाय दाबून ठेवला की ड्रम तापून फुगतो, म्हणजे लायनरपासून लांब सरकतो, आणि लायनरचा वरचा थर जळू लागून त्याची पकड सुटते. पायाखाली पेडल असतं, दाबलंही जातं, पण गाडी ऐकत नाही. "ब्रेक फेल झाला" असं पेपरात येतं, तेव्हा पुष्कळदा काही तुटलेलं नसतं. ब्रेक तापलेले असतात. त्यातून एअर ब्रेकला हवा लागते. परत परत पेडल मारत राहिलं की टाकीतलं प्रेशर उतरतं, आणि संथ फिरणाऱ्या इंजिनाचा कॉम्प्रेसर ते तितक्या झपाट्याने भरू शकत नाही.

म्हणून जुनी माणसं सांगतात, ज्या गिअरात घाट चढशील त्याच गिअरात उतर. गिअर खालचा असला की चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला अडवून धरतं. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून त्याला जड करणारा ब्रेक, लावला की ही अडवणूक आणखी वाढते. उष्णता रेडिएटर आणि धुरांड्यातून बाहेर पडते, लायनर थंड राहतात आणि अडीअडचणीला उपयोगी पडतात. याच्या नेमकं उलट म्हणजे न्यूट्रल मारून उतरणं. डिझेल वाचतं म्हणून काही जण ते करतात. नव्या इंजिनात गिअरमध्ये पाय काढून उतरताना डिझेल जवळजवळ जातच नाही, त्यामुळे न्यूट्रलने वाचतं तरी काय? आणि बत्तीस टनांचा सगळा भार लायनरवर येतो. हे प्रत्येक मालकाने आपल्या ड्रायव्हरला शेजारी बसवून समजावायला हवं. फोनवर ओरडून समजत नाही.

एकदा मी स्वतः गाडीत बसून खाली उतरलो. घाटमाथ्यावर घाटनदेवीच्या अलीकडे आमच्या मामांनी गाडी बाजूला घेतली. मामा म्हणजे आमचे सगळ्यांत जुने ड्रायव्हर, सगळे त्यांना मामाच म्हणत. खाली उतरून त्यांनी टॉमीने, म्हणजे लोखंडी दांड्याने, एकेक टायर ठोकला आणि कान देऊन आवाज ऐकला. ट्रेलरच्या चाकांमध्ये मागच्या बाजूने हात घालून हवेचे पाइप चाचपले. वर येऊन इंजिन चालू ठेवून हवेच्या प्रेशरचा काटा पूर्ण भरेपर्यंत थांबले, मग पेडल दाबून धरलं आणि काटा खाली सरकतो का ते पाहिलं. पंधरा मिनिटं गेली. मी घड्याळ बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. म्हणाले, "साहेब, इथं थांबलेली पंधरा मिनिटं खाली कुणी मागत नाही." मग देवीला हात जोडून त्यांनी गाडी खालच्या गिअरमध्ये टाकली, आणि पूर्ण घाटात ब्रेकवर पाय मोजून सात-आठ वेळा ठेवला. दर वेळी घट्ट दाबून वेग उतरवला आणि लगेच पाय काढला. शेजारून एक ट्रक सतत ब्रेक घासत गेला, त्याच्या मागे जळक्या लायनरचा उग्र वास बराच वेळ रेंगाळत होता.

घाट शांत डोक्याने उतरायचा असेल, तर ड्रायव्हरच्या मागे घाई असता कामा नये. आणि घाई सगळीकडून येते. तोडणी उशिरा झाली, मजूर कमी पडले, प्रीकूलिंग, म्हणजे भरण्याआधी माल थंड करणं, लांबलं, कागद अडकला. पॅकहाऊसमध्ये गेलेले तीन तास कागदावर कुणाच्याच नावावर पडत नाहीत, पण जहाजाची वेळ हलत नाही म्हटल्यावर ते भरून काढायला शेवटी एकच माणूस उरतो आणि त्याच्या पुढ्यात कसारा घाट असतो. मार्गाचं नियोजन म्हणजे हा उशीर घाटाच्या आधीच पोटात घालायची सोय. मोकळा वेळ घाटाच्या वर आणि घाटाच्या पायथ्याशी ठेवायचा, घाटात नाही.

तो वेळ कसा काढायचा? मागून पुढे मोजत.

शिपिंग लाइन प्रत्येक जहाजासाठी कट-ऑफ देते. त्या वेळेआधी कंटेनर टर्मिनलच्या फाटकातून आत गेला पाहिजे, नाही तर तो पुढच्या जहाजावर जातो. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांसाठी पुढचं जहाज म्हणजे बहुधा आणखी आठवडा, आणि मालाच्या आयुष्यातला आठवडा गेला की तो परत येत नाही. समजा कट-ऑफ गुरुवारी दुपारी १२ आहे. बंदरावर कमीत कमी दहा तास हाताशी ठेवायचे, म्हणजे गाडी बुधवारी मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास तिथे पोचली पाहिजे. जेएनपीएने, म्हणजे बंदराच्या प्राधिकरणाने, गाड्यांसाठी मोठा पार्किंग तळ बांधला आहे. पॅकहाऊसमध्येच भरून सील केलेल्या गाड्यांचे कस्टम्सचे कागद तिथे पुरे होतात. सीलचा नंबर, शिपिंग बिल, कंटेनर नंबर जुळले की निर्यातीची परवानगी मिळते आणि मग गाडी टर्मिनलकडे सुटते. टर्मिनल एक नाही, अनेक आहेत. चुकीच्या टर्मिनलच्या रांगेत लागलेली गाडी मी पाहिली आहे. नाव ड्रायव्हरला कागदावर मराठीत किंवा हिंदीत लिहून द्या, एवढीच विनंती.

वजनाचंही इथेच सांगतो. १ जुलै २०१६ पासून भरलेल्या कंटेनरचं खरं, तपासलेलं वजन जाहीर केल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. हा नियम समुद्रावरच्या सुरक्षेसाठी आहे, पण तोच आकडा रस्त्यावरही उपयोगी पडतो. २०१८ पासून आपल्याकडे चार टायरच्या एका एक्सलला ११.५ टन आणि जोड एक्सलला २१ टनांपर्यंत परवानगी आहे. एकूण वजन मर्यादेत असूनही माल पुढे किंवा मागे गोळा झाला, तर एकाच एक्सलवर जास्त भार येतो. घाटात उतारावर वजन आणखी पुढे झुकतं आणि वळणावर गाडी ढकलली जाते. म्हणून भरताना खोक्यांच्या ओळी सारख्या लावायच्या आणि दाराजवळ राहिलेली फट नीट बांधून बंद करायची.

आता बंदरापासून मागे. भिवंडी, मुंब्रा बायपास, कळंबोली, आणि मग उरणकडचा रस्ता. अंतर साठ किलोमीटरच्या आसपास, पण सगळ्या प्रवासातला सर्वांत बेभरवशाचा तुकडा हाच. ठाण्याच्या हद्दीत अवजड वाहनांना दिवसा ठरावीक तासच मुभा असते, बाकी वाहतूक रात्री. हे तास सणावाराला, रस्त्याच्या कामांमुळे बदलतात, म्हणून आदल्या दिवशी खात्री करायची. आपण रात्री दहानंतर भिवंडी ओलांडायची असं धरू.

त्याच्या आधी घाट, आणि तो उजेडात. हिवाळ्यात पाच-साडेपाचला वर पोचलं, की अंधार पडायच्या आत खाली उतरता येतं. मग शहापूरच्या अलीकडे ढाब्यावर जेवण आणि तीन तास झोप. ही झोप म्हणजे आळस नाही. २०२५ पर्यंत लागू असलेला मोटार वाहतूक कामगारांचा १९६१ चा कायदा दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं सांगायचा. आपल्या हिशेबात चाक फिरायचा वेळ बरोबर आठ तासांच्या आत बसतो, पण तोही मध्ये झोप असेल तरच माणूस पेलतो.

इगतपुरीला पाचच्या आत पोचायचं तर पिंपळगावहून दुपारी दोनला निघायचं. अकराला भरायला सुरुवात. त्याआधी द्राक्षांचं प्रीकूलिंग पुरं झालेलं हवं. तोडलेली द्राक्षं काही तासांत थंड करावी लागतात, आणि आतल्या गराचं तापमान शून्याच्या जवळ आणायला रात्र जाते. रीफर कंटेनर थंड माल थंड ठेवतो. गरम माल थंड करायची ताकद त्याच्यात नसते. हे न समजल्यामुळे किती माल वाया जातो! म्हणजे तोडणी मंगळवारी सकाळी.

आणि रिकामा कंटेनर? तोही मंगळवारीच. शिपिंग लाइनच्या यार्डातून सकाळी उचलायचा, यंत्रणा तपासलेली आहे ना ते बघायचं, दारांचे रबर पाहायचे, आत शिरून दार ओढून घ्यायचं आणि उजेड दिसतो का ते बघायचं. उजेड दिसला तर हवाही जाणार. संध्याकाळपर्यंत गाडी वर येते आणि ड्रायव्हर रात्रभर झोपतो. रिकामा कंटेनर रात्रीतून वर मागवायचा आणि त्याच माणसाला दुपारी भरलेली गाडी घेऊन खाली धाडायचं, हा प्रकार सर्रास चालतो. त्यात एक दिवसाचं भाडं वाचतं. माझ्या मते संपूर्ण नियोजनातली सगळ्यांत धोक्याची बचत ती आहे.

थंडाव्याची गोष्ट बाकी आहे. रस्त्यावर रीफरला वीज मिळते ती कंटेनरला किंवा ट्रेलरला लावलेल्या जनरेटरमधून. तो ताशी अडीच-तीन लिटर डिझेल पितो. एका फेब्रुवारीत आमच्या एका गाडीचा जनरेटर मुंब्र्याच्या कोंडीत पहाटे बंद पडला. टाकी भरलेली आहे असं भाड्याने देणाऱ्याने फोनवर सांगितलं होतं आणि मी झाकण उघडून पाहिलं नव्हतं. ड्रायव्हरने कंटेनरच्या पडद्याचा फोटो पाठवला. उणे अर्ध्यावर ठेवलेलं तापमान अडीचवर आलेलं होतं. भिंती जाड असतात म्हणून दोन-तीन तास निभतं. कॅनमधून डिझेल नेऊन ओतलं आणि माल वाचला, पण तापमानाची नोंद यंत्रात कायम राहते आणि तिकडचा खरेदीदार तीच पहिल्यांदा उघडतो. तेव्हापासून टाकीत काठी घालून मोजल्याशिवाय मी गाडी सोडली नाही.

आता नव्या रस्त्याबद्दल, कारण तो प्रश्न हमखास येतो. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला. त्यात जवळजवळ आठ किलोमीटरचे जुळे बोगदे आहेत आणि आमणे भिवंडीच्या जवळ आहे. कसाऱ्याची वळणं, धुकं, पावसाळ्यातली दरडीची भीती यातून बरीच सुटका होते. टोल जास्त पडतो. माझं मत विचाराल तर भरलेल्या ट्रेलरने तो द्यावा. लायनर, टायर आणि वेळेची खात्री यांचा हिशेब मांडला की फरक बराच कमी होतो. पण बोगद्याने वळणं टळतात, उंची टळत नाही. तेवढेच मीटर खाली यायचं असतं, फक्त ते लांब अंतरात वाटले जातात. उतार मंद असला की बरीचशी ऊर्जा टायर आणि वारा परस्पर खातात आणि ब्रेकच्या वाट्याला थोडी येते. गाडीचा वेग मात्र नकळत वाढतो, त्यामुळे गिअरचा नियम तिथेही लागू आहे. शिवाय आमण्याला उतरल्यावर पुढे भिवंडी-मुंब्रा आहेच. वरचा तासभर वाचवून कोंडीत आधी पोचण्यात काय अर्थ? तो तास झोपेला द्यावा.

कसारा बंद पडला आणि समृद्धीवरही अडचण असेल, तर दुसरी वाट आधीच ठरलेली हवी. सिन्नर, संगमनेर, आळेफाटा करून माळशेजने मुरबाड-कल्याण गाठता येतं, पण वळसा मोठा आहे आणि पावसाळ्यात माळशेजच्या दरडी कुप्रसिद्ध आहेत. त्र्यंबक-जव्हारचा रस्ता लांब ट्रेलरसाठी मी सुचवणार नाही. चाळीस फुटी ट्रेलर वळणावर मागची चाकं आतल्या बाजूने कापतो. ड्रायव्हर पुढचं तोंड बाहेर काढून वळण घेतो, तेव्हा त्याला समोरची लेनही लागते. वळण अरुंद असेल आणि समोरून एसटी आली, तर कुणीतरी मागे जायला हवं, आणि बत्तीस टनांचा ट्रेलर घाटात मागे घेणं सोपं नाही. मोबाइलचा नकाशा कारच्या हिशेबाने वाट दाखवतो. उंच कंटेनर ट्रेलरवर चढला की गाडी साडेचार मीटरच्या जवळ जाते. गावातल्या तारा आणि रेल्वेखालचे पूल नकाशाला दिसत नाहीत.

उलट दिशेचा माल, म्हणजे आयात घेऊन वर येणारी गाडी, निराळी. तिथे ब्रेकची काळजी कमी आणि डिझेल-इंजिनाची जास्त. बत्तीस टन ३०० मीटर वर न्यायला निव्वळ चढाचंच सातेक लिटर डिझेल लागतं. रेल्वे याच घाटात मालगाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लावते. ट्रेलरला मागून ढकलणारं कुणी नसतं, त्यामुळे इंजिन तापत असेल तर थांबायचं, आणि थांबल्यावर चाकाला दगड लावायचा. निघताना तो दगड रस्त्यातून उचलून बाजूला ठेवायचा. मागून येणारा दुचाकीवाला अंधारात त्या दगडावर आदळतो.

बंदरात कंटेनर उतरला की यार्डातल्या रीफरच्या रांगेत नेऊन त्याला वीज जोडतात. जनरेटरचं काम तिथे संपतं. फाटकावरून ड्रायव्हरला पावती मिळते, तिच्यावर आत गेल्याची वेळ छापलेली असते. तिचा फोटो पहाटे मोबाइलवर यायचा. मी आधी त्यावरची वेळ बघायचो, मग कंटेनर नंबर जुळवायचो, आणि मग ड्रायव्हरला फोन करून विचारायचो, की जेवलात का.